टेका न लावता

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज येळवशीच्या, म्हणजे रानात जाऊन पूजा-जेवण करायच्या वेळ अमावास्येच्या, दुसऱ्याच दिवशी आला होता. उत्तराला पंधरा दिवस लागले, कारण एवढं सगळं मोबाइलवर एका बोटानं टाइप करणं माझ्याच्यानं होत नाही. वहीत लिहून काढलंय. शेजारची पोर फोटो काढून तुला पाठवील.

तू लिहिलंस ते सगळं डोळ्यापुढं उभं राहिलं. रानात कडब्याची कोप, पूजा झालेली, भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील पोटभर झालेली. पंगत उठताना तुझी आई आधी कुशीवर झाली, मग गुडघ्यांवर आली, मग दोन्ही तळवे मातीत रोवून तिथंच थांबली. दोघी जावांनी दंडाला धरून उठवली. "आंबील चढली गं हिला," असं कुणी म्हणालं, सगळ्या हसल्या, ती पण हसली. तुला मात्र हसू आलं नाही. तिचं वय ५१ आहे.

मला कुठल्याही पंगतीत हाच चाळा लागलाय, कोण कसं उठतंय ते बघत बसायचं. लहान पोरं ताटावरून उडी मारल्यागत उठतात. तिशीतल्या बायका एक हात टेकतात, बहुतेकींना ते कळतही नाही. चाळिशीपुढं गुडघ्यावर हात येतो, मग शेजारणीचा खांदा लागतो. आणि एके वर्षी तीच बाई "मला आपली खुर्ची द्या" म्हणते. खुर्ची मिळाली की जमिनीवर बसणं संपतं आणि मग उठणंही विसरतं. आपल्याकडं म्हातारपण असं खालून वर येतं.

तुझा खरा प्रश्न तू मध्येच कुठंतरी घुसडला होतास, "बाई, आईनं जन्मभर राबून काढलं. पाणी वाहिलं, खुरपलं, मोळ्या उचलल्या. तिला व्यायाम कमी पडला म्हणायचं का?"

नाही म्हणायचं. तिला कष्ट जास्त पडले आणि व्यायाम कधी मिळालाच नाही. हे दोन वेगळे असतात, हे मला स्वतःला कळायला पन्नाशी उलटावी लागली, आणि मी तर शारीरिक शिक्षणाची शिक्षिका!

१९७२ च्या दुष्काळात मी १३ वर्षांची होते. माझी माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सकाळी गेली की दिवस मावळायला परत. खायला घरची अर्धी भाकर आणि कामावर मिळालेली सुकडी, त्यातलीही निम्मी पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. हातोडा तेवढाच, दगड तसाच, उजवा हात तोच. वर्षभर ते केल्यावर तिच्या दंडात बळ यायला हवं होतं ना? तिचा खांदा गेला. पुढं वेणी घालायलाही तो हात वर जात नव्हता.

कारण असं आहे. ओझं उचलताना शरीर बळकट होत नाही, उलट स्नायूला बारीक इजा होते, थकवा येतो. बळ भरतं ते नंतर, झोपेत आणि जेवणातून. उचललं, खाल्लं, विसावलं, मग थोडं वाढवून पुन्हा उचललं, या फेऱ्यातलं एक जरी गळालं तरी नुसती झीज उरते. ऊसतोडीच्या बाईचं बघ. पहाटे चारला उठून कोयता धरायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, कोपीवर येऊन परत स्वयंपाक. पाळी असो, ताप असो, ओझं तेवढंच. जुन्या वस्तादांना हे पुस्तक न वाचता ठाऊक होतं. आपल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ ला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणलं. असे मल्ल जोर-बैठकांइतकेच खुराकावर आणि दुपारच्या झोपेवर तयार होतात. अशा पैलवानाला दिवसभर ऊस तोडायला लावून संध्याकाळी हौद्यात उतरवा बरं!

म्हणून आईला "तू व्यायाम केला नाहीस" असं चुकूनही म्हणू नकोस. फार लागतं ते.

आता माझी फजिती सांगते. ३१ वर्षं मी शाळेत शिट्टी वाजवली. तुम्हाला पळवलं, स्वतः कडुलिंबाच्या सावलीत उभी राहिले. सकाळी तासभर चालायचे आणि तेवढ्यावर स्वतःला धडधाकट समजायचे. चालणं हृदयाला, दमाला चांगलंच, ते सोडायचं नाही. पण चालताना पायावर रोज जेवढा भार पडतो तेवढ्याची सवय स्नायूला केव्हाच झालेली असते. ५७ व्या वर्षी पावसात ओट्याची पायरी निसटली, हात टेकला आणि डावं मनगट मोडलं. ज्या दवाखान्यात गेले तिथं हाडांची घनता तपासली. "ठिसूळ झालीत, आता दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही" असा हुकूम मिळाला. मी शिस्तीची बाई, दोन वर्षं हुकूम पाळला. कळशी नाही, पाटा नाही, नातू नाही. दोन वर्षांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना, आणि तुळजापूरला देवीच्या पायऱ्या उतरताना मी कठडा सोडेना. चढताना नव्हे, उतरताना! उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात जात ब्रेक धरतो, आणि माझे ब्रेक गेले होते.

बरणीच्या झाकणाची गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. २०१५ साली १७ देशांतल्या, त्यात भारतही होता, सुमारे १,४०,००० लोकांच्या मुठीची पकड मोजून एक मोठा अभ्यास छापला गेला. पकड दर ५ किलोनं कमी, तर मृत्यूचा धोका सरासरी १६ टक्क्यांनी जास्त, असं त्यात निघालं. याचा अर्थ चेंडू दाबत बसलं की आयुष्य वाढतं असा नाही. मूठ हा नुसता काटा आहे. आतला साठा किती उरलाय ते त्यावर दिसतं.

साठा कसा, तर आपल्या आडासारखा. मे महिन्यात पाणी सगळ्यांचंच खाली जातं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतो, साठीनंतर वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूपेक्षा लवकर जाते. ज्याचा आड सात परस खोल त्याची घागर मे महिन्यातही बुडते. ज्याचा तीन परस, त्याची मार्चातच तळाला खडखडते. तू २६ ची आहेस, हे खोदायचे दिवस आहेत. हाडांचंही तेच. तिशीपर्यंत जेवढं भरलं तेवढं भरलं, पुढं सांभाळायचं, आणि पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं ते झपाट्यानं उतरतं.

मला बाहेर काढलं एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं, वयानं तुझ्याएवढीच. तिनं मला बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं, हात छातीशी बांधायला लावले आणि म्हणाली, "३० सेकंदांत जेवढ्यांदा होईल तेवढ्यांदा पूर्ण उठा, पूर्ण बसा." माझे ९ झाले. ६० ते ६४ च्या बाईचे १२ पेक्षा कमी झाले तर ते कमीच धरतात, आणि मी तेव्हा ५९ ची! जिनं शाळेला जिल्ह्याची ढाल आणून दिली तिचे नऊ. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

तिनंच मला बोस्टनची गोष्ट सांगितली. १९९० साली तिथल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा दुबळ्या माणसांना आठ आठवडे पायानं जड वजन उचलायला लावलं. नऊ जणांनी तडीस नेलं. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांच्या हातची काठी सुटली. "तुम्ही तर लहान आहात," म्हणाली. ठिसूळ हाडांचं विचारलं तर तिनं ऑस्ट्रेलियातला प्रयोग सांगितला. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांना आठवड्यातून दोनदा, आठ महिने, तज्ज्ञाच्या डोळ्यांदेखत जड वजनं उचलायला दिली आणि कण्याची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. हाडाला भार हवा असतो. भार काढून घेतला की शरीर म्हणतं, हे कशाला पोसायचं? मला मिळालेला हुकूम नेमका उलटा होता.

आता तुझं. खोलीखालच्या जिममध्ये ट्रेनरनं तुला ट्रेडमिल दाखवली आणि एक किलोचे गुलाबी डंबेल्स हातात दिले म्हणतेस. अगं, तुझी ऑफिसची सॅक तीन किलोची असेल! पुरुषी दिसशील ही भीती तुझी की तुझ्या मैत्रिणींची? पुरुषांच्या अंगात जो रस स्नायू फुगवतो तो बायकांत अगदी थोडा असतो. पैलवान व्हायला पैलवानांनाही वर्षं लागतात. त्या विषयावर याहून जास्त शाई मी घालवणार नाही.

आणि "मी बारीकच आहे, मला काय होतंय" हे तर मुळीच नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो २००४ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शेजारी त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन. उंची-वजनाचा हिशोब, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! बारीक दिसणारं आपलं अंग आतून असं असू शकतं. जेवणातली साखर मुख्यतः स्नायूत जाते. स्नायूच कमी असेल तर ती रक्तात रेंगाळते. तुझ्या वडिलांना शुगर आहे, तू नऊ तास खुर्चीत असतेस, हिशोब तूच मांड.

करायचं काय, तर आठवड्यातून दोन दिवस, मधे दोन दिवस मोकळे. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम सांगते. पाच हालचाली पुरेत. बसून उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि दोन्ही हातांत ओझं घेऊन चालणं. ढकलणं म्हणजे जोर. ते जमत नसतील तर आधी ओट्यावर हात टेकून काढ. ओढण्याला पूर्वी रहाट होता, आता जिमची केबल आहे. ओझ्याला दोन भरल्या कळश्या घेतल्या तरी कुणी नावं ठेवणार नाही.

वाकून उचलणं मात्र नीट शिक, सगळ्या कमरा तिथंच जातात. भिंतीकडं पाठ करून वीतभर पुढं उभी राहा. गुडघे किंचित सैल सोड आणि बुडानं मागची भिंत शिव. पाठ फळीसारखी सरळ, वाक कमरेच्या खुब्यातून. भिंत लागली की दोन बोटं पुढं सरक, पुन्हा शिव. मांडीच्या मागं ताण आला की समज, जमलं. मग पायांच्या मधे वजन ठेव, नडगीला घासेल इतकं जवळ. हातानं ओढायचं नाही, टाचांनी जमीन दाबायची, म्हणजे ते आपसूक वर येतं. श्वास कोंडायचा नाही, उठताना सोडायचा. मी हे तुरीच्या पोत्यावर शिकले. रिकाम्या कट्ट्यात आधी पाच किलो तूर, तोंड सुतळीनं बांधलेलं. महिन्याला किलो-दोन किलो वाढवत गेले. आज त्यात ३० किलो आहे. माझी हाडं काही तरुण झाली नाहीत, पण मागच्या तपासणीत आकडा घसरायचा थांबला होता.

वजन किती घ्यायचं, याला माझं माप असं. आठ ते बारा वेळा उचलता यावं आणि थांबताना वाटावं की अजून दोनच झाले असते. पाच झाले असते असं वाटलं तर तू खेळतेयस. एकही झालं नसतं असं वाटलं तर हावरटपणा केलास. सलग दोन आठवडे बारा होऊ लागले की थोडं वाढव. वहीत लिही. माझ्या वहीत असं असतं: "मंगळवार, पोतं १८, ८-८-६, झोप कमी." पहिल्या महिन्या-दीड महिन्यात दंड दिसायला तसेच राहतील, पण वजन वाढेल, कारण आधी मज्जातंतू शिकतात, स्नायू मागून भरतो. दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं तर घाबरू नकोस. पण सांध्यात सुई टोचल्यागत झालं तर तिथंच थांब.

आणि एक गोष्ट तुला दुसऱ्या कुणी सांगणार नाही, कारण तुला चौकोनात बसलेली फक्त मी पाहिलीय. पाठीवर खो बसला की तू उकिडव्या बैठकीतून जी सुटायचीस, धावणारीला आपण दिसलो कधी आणि बाद झालो कधी ते कळायचं नाही. आपल्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा मी टीव्हीपुढं बसून पहिली आठवण तुझ्या त्या उठण्याची काढली होती. झटक्यानं काम करणारे स्नायूचे जे तंतू ते उठणं घडवतात, तेच वयाबरोबर सगळ्यात आधी जातात. ठेच लागल्यावर पुढचं पाऊल वेळेत टाकून तोल सावरणारे तेच. माझ्या ओट्यावर मला ते मिळाले नाहीत. म्हणून उठताना झटकन ऊठ, बसताना सावकाश बस. आणि सुट्टीत कुठं मैदान दिसलं तर चार पोरी जमवून खो-खो खेळ, अंगाला काही होत नाही.

पावडरचा डबा घेऊ का विचारलंस. घेतलास तर विष नाही, पण आधी ताटात बघ. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशोबानं किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तू ५० किलो, म्हणजे ४२ ग्रॅम. वजनं उचलायला लागलीस की त्याहून थोडी जास्त, आईच्या वयात किलोमागं एक ग्रॅम तरी. ज्वारीच्या दोन भाकरीत १२-१४ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यात सात-आठ, एका अंड्यात सहा. हुलग्याचे शेंगोळे विसरली असशील, त्यांना आपल्याकडं गरिबाचं जेवण म्हणून खाली ढकललं, खरं तर हुलग्यात तुरीइतकीच प्रथिनं आहेत. आणि सोयाबीन! सगळा मराठवाडा सोयाबीन पिकवतो, भाव पडला की रस्त्यावर येतो, आणि घरात मात्र दाणा शिजत नाही. कच्चं खाऊ नको, चांगलं भाजून दहा किलो दळणात एक किलो घाल. घरातल्या बायका शेवटी बसतात तोवर डाळीचं पाणी उरलेलं असतं, हे तुला माहीतच आहे. तुझ्या आईला तुझ्याबरोबर जेवायला बसव. व्यायामाआधी हे कर.

आईचं एवढंच. तिची पिशवी ३६ व्या वर्षी काढली, असं तू लिहिलंस. तिच्याबरोबर अंडाशयंही काढली होती का, ते जुन्या कागदांत शोध. काढली असतील तर हाडांची उतरण तेव्हाच सुरू झाली असणार. घनतेची तपासणी करून घे, बीपी बघ, आणि डॉक्टरला सरळ विचार, "वजन उचलायला सुरुवात करायचीय, काय सांभाळू?" उचलू का, असं विचारू नकोस. त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी नाही असंच मिळतं. कण्याचं एखादं हाड आधीच दबलेलं निघालं तर वाकून उचलण्याला हात लावायचा नाही, ते तज्ज्ञाकडूनच.

बाकी सुरुवात खुर्चीवरून. खुर्चीवर दोन उशा ठेव म्हणजे बैठक उंच होईल. पाच वेळा उठायचं, विसावायचं, पुन्हा पाच. आठवड्याला तीन दिवस. दहा सहज झाले की एक उशी काढायची, मग दुसरी, मग खुर्चीऐवजी पाट-चौरंग. ती म्हणेल, "मला कामं पडलीत." तेव्हा वाद घालू नकोस, तिच्यासमोर तू स्वतः कर. दोन दिवसांनी तीच म्हणेल, "तुझे गुडघे आत येतायत." बायकांना दुसरीचं चुकलेलं लगेच दिसतं, माझा ३१ वर्षांचा अनुभव आहे.

पाडव्याला गावी येशील तेव्हा दोघी माझ्याकडं या. जेवण खाली पाटावरच वाढीन, कुणाला खुर्ची मिळणार नाही. तिचे ३० सेकंदांत किती होतात ते माझ्या वहीत मांडू. माझे सध्या १६ होतात. आणि येताना मोंढ्यातून सुतळीचा एक चांगला गुंडा आण. पोत्याचं तोंड सुटायला आलंय, परवा निम्मी तूर ओसरीभर सांडली.

तुझी,
खो-खोच्या बाई